अकराशे फोटो, दोन मजले

घर एकच, जिनाही एकच. पण दोघा भावांनी तीन वर्षांत एकमेकांशी अवाक्षर काढलं नव्हतं. आईच्या शेवटच्या आजारपणात धाकट्याच्या तोंडून निघून गेलं होतं, "दादा, तू दवाखान्यात न्यायला उशीर केलास." दादाने ते मनाला लावून घेतलं. तेव्हापासून दादा खाली, धाकटा वर.

दादा बस डेपोत मेकॅनिक होता. निवृत्तीनंतर हात स्वस्थ बसेनात, तेव्हा त्याने वडिलांनी काढलेल्या फोटोंच्या जुन्या निगेटिव्ह बाहेर काढल्या. मुलीने त्याला स्कॅनर आणून दिला आणि जिन्याखाली फोटो साठवणारी पुस्तकाएवढी एक पेटी बसवली.

"बाबा, तुमच्या कॉम्प्युटरवरचा फोटो आपोआप या पेटीत जाईल, आणि तिथून वर काकाच्या कॉम्प्युटरवर. आईवडील त्याचेही होते."

दादाने नुसतं "हूं" केलं. नाही म्हणायला जीभ रेटेना.

पहिल्याच आठवड्यात त्याने एका फोटोला नाव दिलं, 'मावशीची सायकल'. संध्याकाळी पाहतो तर वरून नाव बदलून आलेलं: 'सायकल माझी, मावशी नुसती बसली आहे'. दादाचं डोकंच फिरलं. त्याने लिहिलं, 'सायकल दोघांची'. दुसऱ्या दिवशी वरून उत्तर आलं, 'बरं, दोघांची'.

वर्षभर हेच चाललं. तोंडाने अबोला, आणि फोटोंच्या नावांतून कडाकडा भांडण. सकाळी उठल्या उठल्या दादा आधी कॉम्प्युटर उघडायचा. का, ते मात्र त्याने कुणाला कळू दिलं नाही.

एका दुपारी कॉम्प्युटरने जागा संपल्याची तक्रार केली. 'पेटीत आहेतच की सगळे,' म्हणत दादाने फोटोंचं फोल्डर पुसून टाकलं. दहा मिनिटांत जिन्यावर धाडधाड पावलं वाजली. दारात धाकटा, अनवाणी.

"दादा, तू काही पुसलंस का?"

"माझ्याकडचं पुसलं. तुला काय त्याचं?"

"अरे, तिन्ही एकमेकांना जोडलेली आहेत! इथलं गेलं की पेटीतलं जातं, माझ्याकडचंही जातं. अकराशे फोटो गेले!"

दादाने मुलीला फोन लावला. पुसलेलं राखून ठेवायची सोय पेटीत असते, पण ती सुरू करायचं आपल्याकडूनच राहून गेलं, असं ती रडवेल्या आवाजात म्हणाली. दादाने फोन ठेवला आणि तो कॉम्प्युटरसमोर बसला. त्याला फोटोंपेक्षा त्या नावांची हळहळ वाटत होती.

धाकटा आत आला. मग म्हणाला, "निगेटिव्ह आहेत ना?"

"आहेत."

"मग तोंड पाडून काय बसलास? सरक तिकडे."

दुसऱ्या दिवसापासून धाकटा खाली येऊ लागला. तो निगेटिव्हच्या पट्ट्यांवरची धूळ मऊ ब्रशने झाडायचा, दादा त्या स्कॅनरमध्ये लावायचा. कामापुरतं बोलणं व्हायचं. आठवड्याभराने पट्टी उजेडात धरून धाकटा म्हणाला, "दादा, आईच्या वेळी मी जे बोललो ना..."

"पट्टी उलटी धरलीयेस."

धाकट्याने ती सुलटी केली. ती स्कॅनरमध्ये लावत दादाच म्हणाला, "मलाही वाटतं रे कधी कधी. उशीर केला का मी?"

"नाही केलास. आदल्या दिवशी नेलं असतं तरी हेच झालं असतं, असं डॉक्टर मला तेव्हाच म्हणाले होते. तुझ्यासमोर यायला तोंड नव्हतं, म्हणून सांगितलं नाही."

दादाने चष्मा काढून पुसला. मग उठून त्याने दोन कप चहा टाकला.

सगळं पुन्हा स्कॅन व्हायला अडीच महिने लागले. मुलीने आता एक वेगळी प्रत स्वतःच्या घरी ठेवली आहे, इथे काहीही पुसलं तरी त्या प्रतीला धक्का लागत नाही. शेवटची पट्टी झाली तेव्हा धाकटा हात झटकत म्हणाला, "संपलं की रे!"

"गावाकडे आपल्या काकूच्या माळ्यावर दोन पेट्या भरून निगेटिव्ह आहेत म्हणे," दादा म्हणाला. "उद्या सकाळी निघू. लवकर ऊठ."