मंगलच्या गालांना काय मानवतं

"रविवारी साडी नेसून तुलाच उभं राहायचंय," असं लेकीनं, तेजस्वीनं सांगितलं, तेव्हा मंगलनं आधी साड्यांचा माग बंद केला. खडखडाटात आपण काहीतरी भलतंच ऐकलं, असं तिला वाटलं.

"कुणी? मी?"

"व्हय, तूच. हे वाच की." तेजस्वीनं मोबाइल पुढं केला. गेले चार महिने ती घरच्या साड्या मोबाइलवर लाइव्ह दाखवून विकत होती. मागच्या खेपेला एका बाईनं खाली लिहिलं होतं, 'साडी विणणाऱ्या ताईच नेसून दाखवतील का?' आणि त्याखाली होकारांची रांग लागली होती.

मंगल सत्तेचाळीस वर्षांची. वडगावच्या या घरात सून म्हणून आल्यापासून तिनं किती साड्या विणल्या, तिलाच आठवत नव्हतं. त्यातली एखादी आपण नेसावी आणि चार लोकांनी बघावी, हे कधी मनातही आलं नव्हतं. हसू दाबत ती आत गेली आणि आरशापुढं उभी राहिली. गाल कोरडेठाक, नाकाच्या कडेला पांढरे पापुद्रे. बोअरचं पाणी आणि अंगाचा साबण, एवढंच या तोंडाला आजवर मिळालं होतं.

न्हाणीघरात तेजस्वीच्या फेसवॉशची हिरवी ट्यूब होती. मंगलनं गुपचूप बोटभर घेतला. केवढा फेस! धुतल्यावर गाल बोटांखाली चक्क करकरले. 'हे खरं स्वच्छ,' ती मनाशी म्हणाली, आणि त्या दिवशी चार वेळा तोंड धुतलं. दुसऱ्या दिवशी पाच वेळा.

गुरुवारी सकाळी गाल लालभडक झाले. घामाचा थेंब लागला तरी चुरचुरायला लागलं.

"तेजू, मी न्हाय उभी राहणार. तूच नेस."

"काय लावलंस गं आई?"

मंगलनं ट्यूबकडं बोट केलं. तेजस्वीला आधी हसू आलं, मग आईचे गाल नीट बघून ती थांबली. "अगं, ती माझ्या तेलकट, पुटकुळ्यांच्या तोंडासाठी हाय. तुझी त्वचा कसली हाय, ठाऊक हाय काय तुला?"

"कसली म्हणजे? त्वचा ती त्वचा."

तेजस्वीनं तिला गाडीवर बसवून थेट शेजारच्या शहापुरातलं मेडिकल गाठलं. तिथल्या सुवर्णाबाई औषधांचं शिकलेल्या. घाईत चिठ्ठी वाचणाऱ्या नव्हेत. त्यांनी मंगलला उजेडात उभं केलं.

"आक्का, फेस जास्त म्हणजे स्वच्छ जास्त, असं नसतंय. आज काहीच लावू नका, कोमट पाणी तेवढं मारा. उद्या साध्या पाण्यानं तोंड धुऊन, टिपून तासभर बसा. गाल ताणल्यासारखे झाले तर कोरडी त्वचा, सगळं तोंड चमकलं तर तेलकट, नुसतं कपाळ-नाक चमकलं तर मिश्र. मग या, बघू काय द्यायचं ते. आग थांबली न्हाय तर मात्र डॉक्टरांना दाखवायचं."

शुक्रवारी सकाळी नेमका करंट गेला. माग गप्प, सगळी गल्ली गप्प. मंगल तोंड धुऊन पायरीवर बसली. सोबत म्हणून तेजस्वी बसली. आणि मंगलचे यजमान जोतिरामही ओलं तोंड घेऊन येऊन टेकले.

"तुमचं काय काम इथं?" मंगलनं विचारलं.

"माझं तोंड, तोंड न्हाय व्हय?"

शेजारची मालुबाई दारावरून जाताना थबकली. तिघंही हात मांडीवर ठेवून, तोंडाला न शिवता बसलेले. "काय झालं गं?" तिनं घाबरून विचारलं. मंगलला हसू फुटलं, आणि हसलं की गाल ओढत होते.

"ओढतायत!" ती एकदम ओरडली. "तेजू, ओढतायत बघ!"

तेजस्वीनं पातळ कागद आणला. तिच्या स्वतःच्या कपाळावर, गालावर टेकवला तर तेलाचे डाग. जोतिरामांचं नाक तेवढं डागाळलं. मंगलच्या गालावरून उचललेला कागद कोरा करकरीत.

"माझी कोरडी!" दहावीचा निकाल लागावा तशी ती उठली. "मालुबाई, माझी कोरडी हाय!"

दुपारी मेडिकलमध्ये तेजस्वीनं तोंड उघडण्याआधीच मंगल पुढं झाली. "माझी त्वचा कोरडी हाय. फेस न येणारं द्या, आणि वासाचं नको."

सुवर्णाबाई हसल्या. दुधासारखं पांढरं, दाट क्लिन्झर त्यांनी काढून दिलं. "पहिल्यांदा कानामागं थोडं लावून एक दिवस थांबा. काही झालं न्हाय तरच तोंडाला. सकाळ-संध्याकाळ दोनदाच, मागावरनं उठल्यावर दहादा धुवायचं न्हाय. आणि धुतल्यावर ओलसर असतानाच साधं मलम."

शनिवारभर मंगल विणता विणता कानामागं बोट नेऊन बघत होती. आग नाही, खाज नाही. संध्याकाळी तिनं पहिल्यांदा ते तोंडाला लावलं. फेस आला नाही, म्हणून क्षणभर तिला फसल्यासारखं वाटलं. पण टिपल्यावर गाल मऊ लागले. ती पुन्हा पुन्हा हात फिरवत राहिली, शेवटी तेजस्वीनंच हात धरून थांबवला.

रविवारी चार वाजता मागापुढं मोबाइल उभा केला. लाली बरीच उतरली होती, थोडी होती ती होती. तेजस्वीनं पावडरचा डबा पुढं केला तर मंगलनं मान हलवली. "असंच ऱ्हाऊ दे."

निळी, लाल काठाची साडी नेसून ती समोर आली. पहिली दोन मिनिटं ती निऱ्याच सारख्या करत राहिली. मग कुणीतरी विचारलं, काठ वेगळा जोडता का? आणि मंगलला कंठ फुटला. उभ्या धाग्यांचा ताणा कसा भरतात, एक धागा तुटला की सगळं कसं थांबतं, लाल रंग उजळ दिसायला शेजारी काय लागतं, हे ती हातवारे करून सांगत सुटली. बघणाऱ्यांचा आकडा दीडशेवरून चारशेवर गेला. तीन साड्या तिथंच ठरल्या; चौथीसाठी दोघी बायका भांडायला लागल्या.

"आई, चार्जिंग संपत आलंय!" तेजस्वी चार्जर आणायला आत धावली.

मंगल मोबाइलजवळ आली, इतकी जवळ की पडदाभर तिचंच तोंड दिसलं. "कुणी जाऊ नका हं," ती म्हणाली, "अजून पदर दाखवायचाय."