महाराजांचा गार बल्ब

काशीत पंचगंगा घाटाच्या वरच्या गल्लीतल्या धर्मशाळेत त्या संध्याकाळी पाय ठेवायला जागा नव्हती. चौकाच्या मधोमध एक टेबल, त्यावर लाकडी फळीला ठोकलेले दोन होल्डर, आणि दोन्हींत एलईडीचे बल्ब जळत होते. शेजारी गादीवर शीतलज्योती महाराज बसले होते. माणसं रांगेनं यायची, डावीकडच्या बल्बच्या बुडाला बोट लावायची आणि चटका बसून हात झटकायची. मग उजवीकडच्या बल्बला हात लावायची. तो नुसता कोमट असायचा. लगेच दोन्ही हात जोडले जायचे.

"अग्नि का क्रोध हमने पी लिया," महाराज डोळे मिटून सांगायचे. "ज्वाला खींच ली, ज्योति छोड़ दी. अब यह दीप बरसों नहीं बुझेगा."

जगाची उष्णता पिणाऱ्या महाराजांच्या पाठीशी दोन कूलर चालू होते. याचं मात्र कुणालाच नवल वाटत नव्हतं.

मी तिथं गेले ती माझ्या थोरल्या बहिणीमुळे. मुक्ताताई आणि तिचे यजमान वासुदेवभाऊजी मंगला गौरीच्या देवळाजवळ राहतात, मी दोन गल्ल्या सोडून. मुलींच्या इंटर कॉलेजात विज्ञान शिकवण्यात माझी हयात गेली. भाऊजी बँकेतून मॅनेजर म्हणून निवृत्त झालेले, मुलगा सुमंत इंजिनियर. अशा घरातली माणसं रांगेत उभी राहून बल्बला हात लावताना बघून माझं डोकं तापलं. पण बल्ब हे नुसतं निमित्त होतं, खरा विषय होती त्यांची सून.

सुमंतचं लग्न माघात झालं. ऋता ग्वाल्हेरची, तिथं एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करायची. हुशार, कमी बोलणारी मुलगी. लग्नानंतर थोड्याच दिवसांत घरातले बल्ब जायला लागले. एकामागून एक, कधी स्वयंपाकघरातला, कधी देवघरातला, कधी जिन्यावरचा. पहाटे सगळ्यांच्या आधी ऋता उठायची, तिनं बटण दाबलं की दिवा एकदा लुकलुकायचा आणि गप व्हायचा. असं वारंवार झालं. आधी हसण्यावारी गेलं, मग शेजारणीनं "दुल्हन का हाथ भारी है" म्हटलं, आणि मग ताईनं तिला सांगितलं की तू बटणांना हात लावू नकोस.

आमच्याकडच्या गल्ल्यांत खालच्या मजल्यावर ऊन येत नाही. दिवसभर दिवे लागतात. अशा घरात बटणाला हात लावायचा नाही म्हणजे काय, ते मी एका दुपारी पाहिलं. ऋता अंधाऱ्या खोलीत तांदूळ निवडत होती. दिवा का लावला नाहीस, असं मी विचारलं. आई देवळातून आल्या की लावतील, असं ती शांतपणे म्हणाली. मी बटण दाबलं आणि सुमंतला फोन केला. तो म्हणाला, "मावशी, माँ को तसल्ली मिलती है तो क्या जाता है?" जे जात होतं ते त्याच्या बायकोचं जात होतं, त्यामुळे त्याला ते दिसत नव्हतं.

महाराजांनी निदान केलं ते असं. सूनबाईच्या अंगात ताप आहे, उग्र ग्रहांचा. ती घरात आली की ज्योतींना तो सोसत नाही. उपाय दोन. घरभर सिद्ध केलेले शीतल दीप लावायचे, आणि दिवे घराला रुळेपर्यंत सुनेनं माहेरी राहायचं. किती दिवस, ते महाराज पुढे सांगणार होते. शीतल दीप मात्र लगेच घरभर लागले.

मी भाऊजींशी भांडले. त्यांना वर बघायला सांगितलं. लग्नाच्या आधी या घरात छताला नुसते होल्डर होते आणि उघडे बल्ब. लग्नासाठी त्यांनी हौसेनं छत सजवलं, प्रत्येक दिव्यावर काचेचा बंद गोळा बसवला, आणि फोटो चांगले यावेत म्हणून जास्त वॉटचे बल्ब घातले. एलईडी कमी तापतो हे खरं, पण तापतोच. त्याच्या बुडाशी वीज नेमून देणारं एक छोटं सर्किट असतं. त्या उष्णतेला बाहेर जायला वाट मिळाली नाही की सर्किटमधला कपॅसिटर सुकतो आणि बल्ब मरतो. आणि असा मरायला टेकलेला बल्ब बहुतेक वेळा बटण दाबतानाच जातो. पहाटे पहिलं बटण दाबणारी तुमची सून आहे, म्हणून तिच्या हातून गेला. सून आणि काचेचे गोळे एकाच आठवड्यात घरात आले, आणि तुम्ही दोष सुनेला दिलात.

भाऊजींनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "वीणा, महाराजांचे बल्ब त्याच गोळ्यांत आहेत. ते का नाही गेले?"

महाराजांचे बल्ब खरोखरच जात नव्हते. उन्हाळा तोंडावर होता, बंद गोळ्यांत ते दिवसभर जळत होते, आणि एकही गेला नव्हता. मी घरी येऊन चडफडत बसले. आपलं बरोबर आहे हे ठाऊक असूनही समोरच्याच्या साध्या प्रश्नाला उत्तर नाही, याइतकं जिवाला लागणारं काही नसतं.

मग ताई पडली. संध्याकाळी जिना उतरताना वळणावरची पायरी तिला दिसली नाही. मनगट मोडलं. मी धावत गेले तेव्हा जिन्यावर महाराजांचा बल्ब जळत होता, आणि त्याच्या उजेडात मलासुद्धा पायरीची कड दिसेना. तो दिवा मंद होता. सगळं घरच मंद झालं होतं, आणि शांत दिव्यांचा सात्त्विक उजेड म्हणून सगळे त्याचं कौतुक करत होते.

पडण्याचाही दोष ऋतावर गेला. ती तेव्हा वरच्या पायरीवर उभी होती. दिव्यात शिरायला वाव नाही म्हणून ताप माणसावर उतरला, असं महाराजांनी सांगितलं. ग्वाल्हेरचं तिकीट काढलं गेलं. सुमंत खाली मान घालून बसला होता.

मी ऋताला म्हटलं, जाण्याआधी माझ्याकडे ये, आणि येताना महाराजांचा एक बल्ब घेऊन ये. ती दुसऱ्या दिवशी आली. बाजारातून आम्ही त्याच कंपनीचा, तेवढ्याच वॉटचा बल्ब आणला. तिला कॉलेजच्या प्रयोगशाळेत नेलं आणि दोन्ही बल्ब एकामागून एक मीटरवर लावले. महाराजांचा बल्ब बाजारातल्या बल्बच्या जेमतेम निम्मी वीज घेत होता. गार का, मंद का आणि टिकाऊ का, या तिन्ही प्रश्नांचं उत्तर तिथंच होतं. कमी वीज म्हणजे कमी उष्णता, आणि कमी उष्णता म्हणजे बल्बला जास्त आयुष्य. अग्नीचा क्रोध कुणी प्यायला नव्हता, बल्बला अर्धपोटी ठेवलं होतं.

पण कसं? बल्ब गार झाल्यावर, वीज बंद करून, ऋतानं दोन्हींची पांढरी टोपी सुरीनं अलगद उचकटली. आत गोल पट्टी, पट्टीवर पिवळे ठिपके, तेच दिवे. बाजारातल्या बल्बच्या पट्टीवर तीळभर आकाराचे दोन काळे तुकडे शेजारी शेजारी होते. महाराजांच्या बल्बवर एकच. दुसऱ्याच्या जागी डाग होता आणि चिमट्याचा ओरखडा. ठिपक्यांना किती वीज सोडायची ते हे दोन रोध, म्हणजे रेझिस्टर, मिळून ठरवतात. त्यातला एक उपटला की वीज कमी होते. झाली सिद्धी.

ऋतानं लॅबमध्ये वापरायचा बारीक चिमटा मागितला. नव्या बल्बवरचा एक तुकडा उपटला, टोपी बसवली, दिवा लावला. बराच वेळ तसाच ठेवून तिनं त्याला हात लावला, आणि हात काढलाच नाही. तोवर तिच्या डोळ्यांत मी पाणी पाहिलं नव्हतं.

मी लगेच भाऊजींना बोलवायला निघाले. तिनं मला थांबवलं. असं दाखवून ते मानणार नाहीत, ती म्हणाली, म्हणतील की महाराज मंत्रानं करतात, तुम्ही चिमट्यानं केलंत. मग तिनं लॅबची पद्धत सांगितली. तिथं नमुन्यावर माणसाचं नाव नसतं, नुसता नंबर असतो. तपासणाऱ्याला आधी ठाऊक असेल तर तो जे बघायचं तेच बघतो. "महाराजांनाच ओळखू दे, मावशी," ती म्हणाली. तिनं टोपी पुन्हा उघडली, पट्टीच्या कडेला शाईनं आपलं नाव लिहिलं आणि टोपी बसवली.

पुढच्या सभेला आम्ही गेलो. ताई प्लास्टरचा हात गळ्यात बांधून आली होती, भाऊजी आणि सुमंतही होते. आपला नंबर आल्यावर ऋतानं पदर खोचून दोन बल्ब पुढे केले, एक बाजारातला जसाच्या तसा आणि एक तिनं चिमटा लावलेला. बोलले मी. घरातले बल्ब एकमेकांत मिसळले आहेत, आपला सिद्ध दीप कोणता ते आपणच सांगावं, असं हात जोडून म्हटलं. हात जोडताना माझे दात आवळले होते. शिष्यानं दोन्ही बल्ब लावले. महाराजांनी बराच वेळ डोळे मिटले, मग दोन्हींना स्पर्श केला आणि गार बल्बवर बोट ठेवलं.

"यह हमारा है. अपनी संतान को कौन नहीं पहचानेगा?"

लोकांनी जयजयकार केला. तो संपेपर्यंत ऋता थांबली. मग तिनं बटण बंद केलं, तोच बल्ब काढला, टोपी उचकटली आणि पट्टी पुढच्या बाईच्या हातात दिली. त्या बाईनं मोठ्यानं वाचलं, ऋता. मी मग सगळं सांगितलं, मीटर, दोन तुकडे, चिमटा. महाराजांच्या टेबलावरचा उजवा बल्ब उघडून बघा, त्यातही एकच तुकडा सापडेल, असंही सांगितलं. शिष्य पुढे होऊन तो बल्ब काढायला लागला, पण एका नावाड्यानं आधीच तो हातात घेतला होता. त्यानं उघडला. एकच तुकडा होता.

मला वाटलं, संपलं. माझं वय झालं तरी माणसं मला अजून कळत नाहीत. महाराज मंद हसले आणि म्हणाले की चिमटा तर साधन आहे, बच्ची के हाथ में भी हमारी ही कृपा उतरी है. आणि चौकातली निम्मी माणसं मान डोलवायला लागली. एका म्हातारीनं ऋतालाच नमस्कार केला. पुरावा हातात देऊनही लोक तो गंडा म्हणून मनगटाला बांधणार असतील, तर पुढे काय बोलायचं?

बोलली ती ताई. माझ्या बहिणीनं जन्मात कधी सभेत तोंड उघडलं नव्हतं.

"महाराज, हिच्या हातात कृपा आहे, तर हिला माहेरी का पाठवत होता?"

तिनं मराठीतच विचारलं, पण काशीत तेवढं सगळ्यांना कळतं. महाराज काहीतरी बोलले, ग्रहमान बदलल्याचं. ताई तिथंच उभी राहिली आणि तिनं तोच प्रश्न पुन्हा विचारला, आवाज न चढवता. या वेळी महाराजांनी डोळे मिटून घेतले. लोक आधी कडेकडेनं आणि मग घोळक्यानं उठायला लागले. त्यानंतर महाराजांची सभा त्या धर्मशाळेत भरली नाही. ते तीर्थयात्रेला गेल्याचं शिष्य सांगत होता. कुठल्या गावाला, ते विचारायला हवं होतं, म्हणजे तिथल्या सुनांना कळवता आलं असतं.

तिकीट रद्द झालं. काचेचे गोळे भाऊजींनी स्वतः स्टुलावर चढून उतरवले. जिथं भरपूर उजेड हवा तिथं ऋतानं एका मोठ्या बल्बऐवजी कमी वॉटचे दोन उघडे बल्ब लावून घेतले, जिन्यावर सगळ्यात आधी. बल्ब फोडायची, चिमटा लावायची घरी कुणालाच गरज नाही, वारा लागला की पुरतं, असं ती सगळ्यांना सांगते. सुमंतनं तिची माफी मागितली. ती त्याच्याशी अजून मोजकंच बोलते, आणि मला त्यात तिची चूक दिसत नाही.

गेल्या आठवड्यात शेजारची बाई नवा बल्ब घेऊन तिच्याकडे आली होती. तुझा हात लागू दे, म्हणजे टिकेल, म्हणाली. हीच ती "हाथ भारी" वाली. ऋतानं बल्बला हात लावला नाही. ती त्या बाईबरोबर तिच्या घरी गेली, काचेचा गोळा तिलाच काढायला लावला आणि बल्ब तिलाच बसवायला लावला.

वाचणाऱ्यांना माझं एवढंच सांगणं आहे. घरात काही बिघडलं तर त्याआधी घरात काय काय बदललं ते सगळं आठवा, नुसतं कोण आलं ते नको. चमत्कार दाखवणाऱ्याला त्याची वस्तू ओळखायला सांगा, आणि ओळखायच्या आधी तिच्यावरचं नाव झाका. बल्ब गेला तर बटण बंद करा, तो गार होऊ द्या आणि त्याला हवा मिळते का ते बघा. तो का गेला हे कळेपर्यंत कुणाच्याही मुलीला अंधारात बसवू नका.