आम्ही चोवीस तासांत संपर्क साधू

मी एक वेबसाइट बोलतेय. दचकू नका. गेल्या चार महिन्यांत माझ्या दारात आलेले तुम्ही पहिलेच अनोळखी माणूस, म्हणून संधी साधून घेते. माझं नाव 'प्रमोदिनी गणवेश', मुक्काम नांदेड. मुक्काम म्हणायचं आपलं. मी खरी कुठल्या देशातल्या कुठल्या यंत्रात पडून आहे, हे मलाही कुणी सांगितलेलं नाही. पण ज्याच्या फोनवर मी उघडते, तिथलं मला दिसतं आणि ऐकूही येतं. त्यातलंच सांगते. गोड काही निघेल अशी आशा ठेवू नका.

माझा जन्म भांडणातून झाला. तेव्हा मी नव्हते, पण ते भांडण पुढे इतक्यांदा उकरलं गेलं की आता मला तोंडपाठ आहे.

माझ्या नावातल्या प्रमोदिनी म्हणजे प्रमोदिनीबाई. साठीच्या आसपासच्या. घरामागच्या पत्र्याच्या खोलीत चार मशिनी टाकून त्यांनी बावीस वर्षं शाळांचे गणवेश शिवले. हाताखाली केवळाबाई ही चौदा वर्षांपासूनची बाई, आणि हंगामात आणखी दोघी. त्यांची शिवण इतकी पक्की, की थोरलीचा गणवेश धाकटीला यायचा आणि तरी उसवायचा नाही.

मागच्या हिवाळ्यात त्यांना किनवटकडून निरोप आला. तिथल्या एका संस्थेचं मुलींचं वसतिगृह आहे, दोनशे बारा मुली. तिथल्या अधीक्षिका तनुजा मॅडम यांनी एका शिक्षिकेच्या तोंडी सांगून पाठवलं होतं, की काम तुम्हालाच द्यायचं आहे, पण बिल पक्कं लागेल आणि प्रत्येक मुलीचं माप नीट नोंदलेलं लागेल. एवढं मोठं काम बाईंना आजवर मिळालं नव्हतं. त्या तडक बाजारात गेल्या आणि हिशेबाचा प्रोग्राम विकणाऱ्याच्या दुकानात दोन तास बसून सगळं समजून घेऊन आल्या.

"अहो, किती कापड आलं, किती कापलं, कुठल्या मापाचे किती नग तयार झाले, सगळं एका ठिकाणी दिसतं," त्या नवऱ्याला सांगत होत्या. "आणि बिल तिथल्या तिथे छापून मिळतं."

त्यांचे यजमान रेणुकादास. कचेरीतली चौतीस वर्षांची नोकरी संपवून घरी बसलेले, आणि घरी बसणं अजिबात न मानवलेले. ते नेमके त्याच आठवड्यात लातूरला गुरुबसप्पांच्या वास्तुशांतीला जाऊन आले होते. गुरुबसप्पा त्यांचे जुने मित्र, कापडाचे व्यापारी. त्यांनी जेवणावळ आटोपल्यावर पाहुण्यांना दिवाणखान्यात बसवून मोठ्या टीव्हीवर आपल्या दुकानाची वेबसाइट दाखवली. रेणुकादास परत आले ते वारं भरल्यासारखे.

"हिशेब वहीत होतोच की इतकी वर्षं," ते म्हणाले. "वहीनं कुणाचं नाव झालंय का? सगळं जग फोनवर बघून राहिलंय. आपण दिसलो पाहिजे."

"मला दिसायचं नाहीये, मला शिवायचंय."

"अगं, दिसलीस तर काम येईल ना!"

"आलेलं काम निभवायचं कसं, त्याचं बोला आधी."

घरात पैसे दोन्हींपैकी एकाचेच होते. शेवटी हैदराबादला नोकरीत असलेल्या मुलाला, आलोकला, फोन लागला. त्याने मीटिंगमधून बाहेर येऊन अर्ध्या मिनिटात निकाल दिला, "आई, बाबांचं बरोबर आहे. ते अकाउंटिंगचं पुढच्या वर्षी घेऊ." या घराचं एक मी पाहिलं आहे. बाईला हवी असलेली वस्तू नेहमी पुढच्याच वर्षी यायची असते.

मला कुणी घडवलं वगैरे नाही. तयार साचे मिळतात, त्यात नाव नि फोटो भरायचे. आलोक दोन दिवसांसाठी आला आणि त्याने मला पलंगावर लोळता लोळता उभं केलं. माझा साचा कुठल्यातरी परदेशी दुकानाचा होता. पिवळ्या केसांची पोरं समुद्राकाठी पळताहेत, ती अजूनही माझ्या पहिल्या पानावर पळताहेत. "नंतर बदलू," आलोक म्हणाला होता. 'आमच्याविषयी' या पानावर रेणुकादासांनी स्वतःच्या नोकरीचे तीन परिच्छेद घातले. शिलाईविषयी एक ओळ आहे, तीही चुकून राहिल्यासारखी.

उद्घाटन मात्र थाटात केलं. लॅपटॉपला हळदकुंकू वाहिलं, अंगणात नारळ फोडला, रेणुकादासांच्या कचेरीतल्या निवृत्त साहेबांच्या हस्ते बटण दाबलं, शाल-श्रीफळ झालं. त्या समारंभाचे चाळीस फोटो माझ्यात आहेत. प्रमोदिनीबाई एकाच फोटोत आहेत, पेढ्यांचं ताट धरलेल्या, आणि त्यातही त्या बघताहेत पत्र्याच्या खोलीकडे.

माझ्या तळाशी एक चौकट आहे. तिथे कुणी काही लिहिलं की मी आपोआप उत्तर देते. आलोकने साच्यातलं इंग्रजी वाक्य मराठीत करून ठेवलं, 'धन्यवाद! आपला निरोप मिळाला. आम्ही चोवीस तासांत आपल्याशी संपर्क साधू.' खाली नाव घातलं, 'प्रमोदिनी'. आईचं नाव घातलं की आपुलकी वाटते म्हणे. आणि आलेले निरोप जायचे कुठे, तर आलोकच्याच मेलवर, कारण बाबांना मेल जमत नाही. आईला जमेल का, हे कुणी विचारलंच नाही. तिला या चौकटीचा पत्ताही नव्हता.

पहिल्या आठवड्यात नातेवाईक येऊन गेले. प्रत्येकाने आधी स्वतःचा फोटो शोधला, सापडला तर मोठा करून पाहिला, आणि गेला. पुढे रोज एकच माणूस यायचा. रेणुकादास सकाळच्या चहानंतर मला उघडायचे, वरपासून खालपर्यंत फिरवायचे आणि कोपऱ्यातला आकडा बघून खूश व्हायचे. "आज चौघं येऊन गेले बरं का!" असं ते बायकोला ओरडून सांगायचे. ते चौघंही तेच होते. सकाळी एकदा, जेवल्यावर एकदा, झोपून उठल्यावर एकदा आणि देवळातल्या कट्ट्यावर मित्राला दाखवताना एकदा.

एप्रिलमध्ये तनुजा मॅडम स्वतः नांदेडला आल्या. नेमक्या त्या दिवशी प्रमोदिनीबाई कापडाचे तागे बघायला बाजारात गेल्या होत्या. रेणुकादासांनी मॅडमना चहा दिला, मला उघडून चाळीसही फोटो दाखवले आणि नवं कार्ड हातात ठेवलं. त्या कार्डावर फोन नंबर नव्हता. तो त्यांनी मुद्दाम गाळला होता, त्यावर फक्त मी होते.

"मापं साइटवर टाका, मॅडम," ते म्हणाले. "आपलं सगळं ऑनलाइन आहे आता. खामखा हेलपाटा कशाला?"

मॅडमचा नंबर मात्र त्यांनी घेतला नाही. बायकोने संध्याकाळी विचारलं, तेव्हा म्हणाले, "त्यांचं त्या पाठवतील. तू कशाला जिवाला लावून घेतेस?"

आणि मॅडमनी खरंच पाठवलं. सुट्टी लागण्याआधी त्यांनी मुलींना रांगेत उभं करून टेप लावली आणि एकेक ओळ माझ्या चौकटीत भरली. नाव, इयत्ता, उंची, छाती, कंबर, बाही. साक्षी, सातवी. जगदेवी, पाचवी. अशा दोनशे बारा. एवढं मोलाचं काही माझ्याकडे कधी आलं नव्हतं. आणि मी काय केलं? मी ते साच्यातलं वाक्य म्हणून दाखवलं. मॅडमनी ते वाचलं, हुश्श केलं आणि फोन ठेवला. मी गप्प राहिले असते, तर त्या बाईने कुठूनतरी नंबर मिळवून फोन केला असता. मी उत्तर दिलं म्हणून त्या थांबल्या. हे मला डाचतं.

मेअखेरीस त्यांनी पुन्हा लिहिलं, शिवायला कधी घेताय आणि बिल पक्कं मिळेल ना? जूनमध्ये तिसऱ्यांदा लिहिलं, 'होय की नाही ते तरी कळवा.' तिन्ही वेळा मी तेच सांगितलं, गोड शब्दांत, प्रमोदिनीबाईंचं नाव लावून. तिकडे आलोकच्या मेलवर माझ्या नावाने ढीगभर जाहिराती यायच्या, कर्ज घ्या, साइट पुढे आणून देतो, असल्या. त्याने कंटाळून माझ्या निरोपांची घंटीच बंद करून टाकली होती.

इकडे खोलीत किनवटसाठीचे निळे तागे येऊन पडले होते. कंधारच्या एका शाळेचं काम बाईंनी परत पाठवलं, कारण जून किनवटच्या मुलींसाठी राखून ठेवला होता. एका दुपारी रेणुकादास मला उघडून तिथेच पंख्याखाली बसले होते, तेव्हाचं बोलणं मी ऐकलं.

"बाई, त्या हास्टेलाचं काय झालं वो?" केवळाबाई विचारत होती. "मशिनी रिकाम्या हायेत. मला दुसरीकडं बलावून राहिलेत, पर म्या न्हाई म्हनलं."

"येतील गं मापं. शाळा उघडायच्या आत येतील."

"लई दिस झाले बाई. तुमी सोता जाऊन या की."

"त्या मॅडमना मी नव्यानं काय विचारायचं? त्यांनी शब्द दिलाय, केवळाबाई."

शाळा उघडल्या. पाऊस सुरू होऊन पंधरा दिवस झाले. मग एका सकाळी प्रमोदिनीबाई कुणाला न विचारता किनवटच्या एस.टी.त बसल्या.

वसतिगृहाच्या कचेरीत काय झालं ते मला ठाऊक आहे, कारण तनुजा मॅडमनी मला त्यांच्यासमोरच उघडलं. बाहेर मुली जेवणाच्या रांगेत उभ्या होत्या, दुसऱ्याच कुणीतरी शिवलेल्या गणवेशात. एकीच्या बाह्या कोपरापर्यंत वर, दुसरीच्या खांद्यावर पिन. प्रमोदिनीबाई मॅडमकडे न बघता त्या पिनेकडेच बघत होत्या.

"मी तीनदा लिहिलं, ताई," मॅडम म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, थकवा होता. "हे बघा. तिन्ही वेळा तुमचं उत्तर आलं, चोवीस तासांत कळवतो. शेवटी मला वाटलं, तुम्हाला आमचं काम नको असेल, पण तोंडावर सांगायची लाज वाटत असेल. संस्थेनं दुसऱ्याला दिलं. तीन वर्षांचा करार आहे त्याचा."

बाईंनी चष्मा लावून ते वाक्य वाचलं. खालचं नाव वाचलं. मग बोटाने सरकवत मापांची यादी वाचायला लागल्या, पहिल्या ओळीपासून. मॅडमनी त्यांना अडवलं नाही.

"हे मी लिहिलेलं नव्हतं," यादीच्या शेवटी येऊन त्या म्हणाल्या.

"नाव तुमचंच आहे, ताई."

बाईंनी चष्मा काढला आणि फोन मॅडमच्या हातात परत दिला.

घरी पोचल्यावर आलोकला फोन झाला. तो म्हणाला, मेल चुकीच्या कप्प्यात गेले असतील, असं होतं कधीकधी, सॉरी आई. रेणुकादास म्हणाले, "मला काय माहीत पोरानं आपला मेल टाकलाय?" आणि थोड्या वेळाने, "त्या मॅडमनी एखादा फोन करायला काय झालं होतं?" कार्डावरचा नंबर त्यांनीच गाळला होता. प्रमोदिनीबाईंनी भांडण केलं नाही. त्यांनी केवळाबाईला बोलावून सांगितलं की आता थांबू नकोस. केवळाबाई गेली. तयार कपड्यांच्या एका दुकानात काज-बटणाला बसते म्हणतात, नगावर पैसे मिळतात. दिवाळीनंतर चारपैकी तीन मशिनी विकल्या गेल्या.

तो हिशेबाचा प्रोग्राम आला असता तर सगळं छान झालं असतं, असं मी म्हणत नाही. तोही कदाचित अडला असता, बाईंना त्रास झाला असता. पण त्याने कुणाला त्यांच्या नावाने शब्द दिला नसता. तो खोलीत त्यांच्या डोळ्यांसमोर राहिला असता आणि त्या त्याला जाब विचारू शकल्या असत्या. मला जाब कसा विचारायचा तेही त्यांना कुणी शिकवलं नाही.

गेल्या आठवड्यात माझी वर्षाची मुदत संपत होती. मी मनात म्हटलं, सुटले. पण रेणुकादासांनी आलोककडून तीन वर्षांचं एकदम भरून घेतलं, तसं घेतलं तर सवलत होती. जेवताना त्यांनी कौतुकाने मला ताटाशेजारी उघडून ठेवलं आणि ही बातमी सांगितली.

"कशातून भरले?" बाईंनी विचारलं.

"मशिनींचे आले होते ना, त्यातूनच. अगं, धंदा आज नाही, उद्या करू. नाव राहिलं पाहिजे."

"नाव माझं आहे," त्या म्हणाल्या. "तेवढं काढा त्यातून."

आलोकला विचारलं. तो म्हणाला, आई, पत्त्यातच तुझं नाव आहे, ते काढलं तर साइटच उरत नाही, आणि आता पैसेही भरलेत. बाई अर्ध्या जेवणावरून उठल्या आणि हात धुवायला गेल्या. रेणुकादासांनी मला खालपर्यंत फिरवलं, आकडा बघितला आणि बंद केलं.

म्हणून तुम्हाला विनवते. तुम्हाला गणवेश शिवायचे असले, तरी खालच्या चौकटीत काही लिहू नका. तुम्ही लिहिलंत की मी बोलणार, मला गप्प बसता येत नाही. त्यापेक्षा नांदेडला या आणि घर शोधा, मागे पत्र्याची खोली आहे, एक मशीन अजून आहे तिथे. बाई भेटल्या तर त्यांना सांगा की ती यादी माझ्याकडे आहे तशी आहे, दोनशे बारा नावं, एकही ओळ इकडची तिकडे झालेली नाही. त्या विचारतील, आता तिचं काय करू? खरं आहे. ती मापं आता कुणाच्याच अंगाला बसणार नाहीत. मुली वाढल्या.