मंगळू भोयेची हरवलेली नोंद

मित्रांनो, नाशिकच्या एका क्षयरोग केंद्रात, केसपेपरच्या खिडकीमागे एक लोखंडी कपाट आहे. त्या कपाटावर जाड शब्दकोशाएवढी एक काळी पेटी दिसेल. तीच मी. मी कॉम्प्युटरची हार्ड डिस्क आहे, किंवा होते असे म्हणा. आता माझ्यात नवे काही लिहिता येत नाही आणि पूर्वी लिहिलेले वाचताही येत नाही. माझ्या हातून जे घडले ते अभिमानाने सांगण्यासारखे नाही, तरी सांगते.

परदेशातल्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. तिथली माणसे नाकातोंडाला फडके बांधून काम करत, कारण धुळीचा एक कण आत राहिला तरी मी निकामी झाले असते. माझ्या पोटात गुळगुळीत चकत्या आहेत. त्या मिनिटाला तीन हजार सहाशे वेळा फिरत आणि त्यांच्यावर एक बारीकसे डोके अधांतरी तरंगत वाचायचे-लिहायचे काम करी. चकती आणि डोके यांच्यातले अंतर माणसाच्या केसाहूनही कितीतरी कमी. डोके चकतीला टेकले की तिथले सारे खरवडून गेलेच म्हणून समजा. असे नाजूक पोट घेऊन मी बोटीने मुंबईला उतरले आणि १९८७ साली कसारा घाट चढून नाशिकला आले.

केंद्राचे प्रमुख डॉ. गायधनी. मनाने चांगले, पण कायम घाईत असलेले गृहस्थ. रोज शंभर-सव्वाशे रोगी आणि डॉक्टर एकटेच, मग दुसरे काय होणार? त्यांच्या हाताखाली विमलाबाई गांगुर्डे नोंदणीचे काम पाहत. विमलाबाईंच्या आईला, धोंडाबाईंना, कधीकाळी क्षय झाला होता. बरे वाटताच धोंडाबाईंनी गोळ्या सोडल्या होत्या. तेव्हा याच केंद्रातल्या कुणा कारकुनाने एकामागून एक पाच पोस्टकार्डे पाठवून त्यांना परत आणले. त्या पाच कार्डांमुळे आपल्याला आई राहिली, असे विमलाबाई म्हणत. त्यामुळे रोग्याचे नाव, गाव आणि पत्ता त्या दुसऱ्या कुणी दागिने जपावेत तसे जपत.

मला निवडले तो दिवस मला आठवतो. केंद्राला कॉम्प्युटरसाठी मदत मिळाली होती आणि कंपनीचा इंजिनिअर दोन पर्याय घेऊन आला होता. एक मी, मोठी आणि वेगवान. दुसरा पर्याय म्हणजे माझ्याहून लहान, थोडी संथ डिस्क आणि तिच्यासोबत टेपचे एक यंत्र. डिस्कवरचे सगळे रोज त्या टेपवर उतरवून ठेवायचे आणि टेप दुसरीकडे कुलपात ठेवायची. दोन्ही घेण्याइतकी मदत नव्हती.

विमलाबाईंनी इंजिनिअरला एकच प्रश्न विचारला, "हे बिघडलं तर?"

"बिघडणारच, बाई," तो म्हणाला. "कधी ते फक्त सांगता येत नाही. म्हणूनच टेप."

विमलाबाईंनी डॉक्टरांकडे पाहिले. डॉक्टर माझ्याकडे पाहत होते. इंजिनिअरने नुकतेच मला एक नाव विचारले होते आणि मी ते डोळ्याचे पाते लवायच्या आत पडद्यावर आणले होते. डॉक्टर म्हणाले, टेप नुसती कपाटात पडून राहील, ही मात्र रोज कामाला येईल. मला घेतले गेले. मित्रांनो, तेव्हा मला फार अभिमान वाटला होता.

सुरुवातीचे दिवस खरोखर चांगले गेले. विमलाबाईंनी चार महिने बसून साडेतीन हजार रोग्यांची कार्डे माझ्यात भरली. पूर्वी कोण गोळ्या न्यायला आले नाही हे शोधायला त्यांचे दोन दिवस जात. आता सोमवारी सकाळी त्या एक कळ दाबत आणि मी यादी पुढे करी. दुपारपर्यंत पेठ, सुरगाणा, नांदगावकडे पोस्टकार्डे रवाना. हरवलेली माणसे परत येऊ लागली. बाहेरगावचे डॉक्टर मला बघायला येत.

त्याच सुमारास एक्स-रेच्या यंत्रासाठी खोली हवी झाली, म्हणून जुन्या कार्डांचे गठ्ठे बाहेर काढले. विमलाबाईंनी ते निदान वर्षभर ठेवायला सांगितले होते. पण क्षयाच्या रोग्यांचे कागद म्हणून रद्दीवालाही हात लावेना. शेवटी कारभारी नावाच्या शिपायाने ते मागच्या अंगणात जाळले.

टेप नसली तरी नक्कल ठेवायला फ्लॉप्या होत्या. विमलाबाई दर शनिवारी माझ्यातले सगळे फ्लॉप्यांवर उतरवून घेत. आधी पाच फ्लॉप्या लागत, पुढे चौदा लागू लागल्या. एक भरली की काढायची, दुसरी घालायची, असा पाऊण तास जाई आणि तेवढा वेळ खिडकी बंद ठेवावी लागे. शनिवारी दुपारी हटकून लाइट जायची, त्यामुळे हे काम सकाळीच, ऐन गर्दीत करावे लागे. बाहेर माणसे खोकत उभी राहत. दसऱ्याच्या सुमारास डॉक्टरांनी सांगितले की आता हे पुरे, रोगी ताटकळतात आणि यंत्राला तर काही होत नाही. विमलाबाई दोन वेळा बोलल्या. तिसऱ्या वेळी बोलल्या नाहीत. शेवटच्या चौदा फ्लॉप्या कपाटाच्या खालच्या कप्प्यात गेल्या.

पुढच्या जानेवारीत मंगळू भोये आला. पेठ तालुक्यातला, तिशीचा, हाडापेराने मजबूत. दर वर्षी भात कापून झाले की पिंपळगावकडे द्राक्षबागांत मजुरीला जाणारा. त्याला भावाने आणले होते. केंद्रात दोन औषधे एकत्र असलेली एक मोठी गोळी देत, तिला सगळे जोडगोळी म्हणत. बहुतेकांना ती सोसायची. मंगळूला सोसली नाही. आठव्या दिवशी त्याचे अंग लाल झाले, तोंड आतून सोलवटले, कातडी सुटू लागली. डॉक्टरांनी गोळी तडक बंद केली, तीन आठवडे ठेवून घेतला आणि जगवला. गोळीऐवजी दिलेल्या इंजेक्शनांनी त्याचे कान मात्र गेले. तो बागांवर परत निघाला तेव्हा विमलाबाईंनी त्याच्या नावापुढे माझ्यात लिहिले की याला जोडगोळी पुन्हा कधीही देऊ नये, दिल्यास जिवाला धोका. हे वाक्य माझ्या तिसऱ्या चकतीवर होते.

जूनमध्ये केंद्रात मुंबईहून पाहुणे यायचे होते. त्यांना कॉम्प्युटर दिसावा म्हणून तो आतल्या खोलीतून पुढच्या दालनात न्यायचे ठरले. मी चालू होते. हलवण्याआधी डोके कडेला नेऊन यंत्र बंद करायचे असते, हे इंजिनिअरने बजावले होते आणि विमलाबाईंनी त्याची आठवण दिली.

"पाहुणे फाटकात आलेत, विमलाबाई," डॉक्टर म्हणाले. "बंद करून पुन्हा सुरू करण्यात वेळ जाईल. अलगद उचलू."

त्यांनी स्वतः एक बाजू धरली, कारभारीने दुसरी. उंबऱ्याला टेबलाचा पाय अडकला आणि टेबल वीतभर खाली आदळले. त्या क्षणी माझे डोके चकतीला टेकले. बाहेरून कुणाला काही दिसले नाही. पाहुण्यांनी एक नाव विचारले, ते मी बरोबर दाखवले. टाळ्या वाजल्या.

त्या दिवसापासून माझ्या पोटातून किरकिर येऊ लागली. खरवडलेला चुरा आत फिरत होता आणि प्रत्येक फेरीला नवे काही खरवडत होता. विमलाबाईंनी आवाज ओळखला. त्यांनी डॉक्टरांना सांगितले की एक सकाळ खिडकी बंद ठेवू या, मी सगळे उतरवून घेते. डॉक्टर म्हणाले, तपासणी शिबिर चार दिवसांवर आहे, ते उरकले की घ्या. शिबिराच्या तिसऱ्या दिवशी विमलाबाईंनी कळ दाबली तेव्हा मी उठले नाही.

इंजिनिअर आला. त्याने मला कानाशी धरून हलवले आणि खाली ठेवले. आतले सगळे गेले आहे, असे त्याने सांगितले आणि नक्कल कुठे आहे म्हणून विचारले. विमलाबाईंनी खालच्या कप्प्यातून चौदा फ्लॉप्या काढल्या. नाशिकच्या त्या पावसाळी ओलीत त्यांच्यावर पांढरी बुरशी धरली होती. पाच वाचल्या गेल्या. सहावीला यंत्र अडले, ते पुढे गेलेच नाही. त्या फ्लॉप्या भरून झाल्यावर पुन्हा वाचून पाहायच्या असतात हे कुणाच्या ध्यानातच आले नव्हते. साडेतीन हजारांतली हजार-बाराशे नावे हाती लागली, तीही दसऱ्यापर्यंतचीच.

ऑगस्टमध्ये, भातलावणी संपता संपता, एक बाई आपल्या नवऱ्याला पाठीशी हात देऊन खिडकीपाशी घेऊन आली. तिचे नाव पुतळाबाई. नवरा म्हणजे हाडांचा सापळा. थुंकीत रक्त पडत होते आणि अंगात ताप होता. नाव मंगळू भोये, गाव पेठकडचे. जुना कागद आहे का, असे विमलाबाईंनी विचारले. तो बागेवरच्या खोपटात भिजून गेला होता.

विमलाबाई थबकल्या. पेठकडच्या कुणाला तरी जोडगोळी बाधली होती, हे त्यांना पक्के आठवत होते. पण कोणाला? त्या भागात भोये घरोघर, आणि मंगळूही एकटा नव्हे. पूर्वी हाताने कार्ड लिहीत तेव्हा प्रत्येक नाव त्यांच्या बोटांत राहायचे. मी आल्यापासून लक्षात ठेवायचे काम त्यांनी माझ्यावर सोपवले होते. त्या उठून डॉक्टरांकडे गेल्या आणि जे आठवत होते ते बोलल्या. डॉक्टरांनी मंगळूकडे निरखून पाहिले. पण जानेवारीतला तो भरल्या अंगाचा मजूर या सापळ्यात त्यांना दिसला नाही. त्यांनी पुतळाबाईला विचारले, आधी कुठल्या गोळीने अंगावर काही उठले होते का?

"माला नाय ठावं, डाक्टर," ती म्हणाली. "तव्हा मी बाळंतपनाला माह्यारी होते. भाऊ घिऊन आल्ता, तो आता गुजरातेत गेला कामाला."

मग डॉक्टरांनी मंगळूलाच विचारले. मंगळूने त्यांच्या हलणाऱ्या ओठांकडे पाहिले आणि मान डोलावली, सगळे बरे आहे अशी. बहिरा माणूस चारचौघांत तसेच करतो. त्याला ऐकू येत नाही, हे पुतळाबाई सांगेपर्यंत डॉक्टर पुढच्या रोग्याकडे वळले होते. बाहेर नव्वद माणसे थांबली होती. चिठ्ठीवर जोडगोळी लिहिली गेली.

एकदा बाधलेले औषध दुसऱ्यांदा आठ दिवस थांबत नाही. तिसऱ्या दिवशी पुतळाबाई त्याला बैलगाडीतून आणि मग एस.टी.तून परत घेऊन आली. त्याला गुंडाळलेल्या तिच्या लुगड्याला त्याची कातडी चिकटून येत होती. त्याला पाहताच डॉक्टरांना जानेवारी आठवला. नंतर त्यांनी जे करता येईल ते सगळे केले, दोन दिवस घरी गेले नाहीत. मंगळू पाचव्या दिवशी गेला.

कारभारी मला भंगारात टाकायला निघाला, तेव्हा विमलाबाईंनी मला त्याच्या हातून काढून घेतले आणि कपाटावर ठेवले. पुढच्या रविवारपासून त्या एस.टी.ने गावोगाव जाऊ लागल्या. वही घेऊन, शाळामास्तरांना विचारत, उरलेली माणसे शोधत. सोमवारी कारभारीला सांगत, आज अकरा सापडले, आज चार. कधी सांगत की तिघे सापडले, पण त्यातले दोघे आता नाहीत. आठशे नावे आजही मिळालेली नाहीत. ती माणसे कुठे आहेत, गोळ्या घेतात की नाही, कुणाला काय बाधते, हे सांगणारे कुणी उरले नाही.

डॉक्टरांनी पुढच्या वर्षी टेपचे यंत्र आणले आणि माझ्याहून लहान, माझ्याहून संथ डिस्क. आता टेप रोज भरते आणि दुसऱ्या इमारतीत जाते. महिन्यातून एकदा विमलाबाई ती परत आणून वाचून बघतात.

त्यानंतर एका दुपारी पुतळाबाई आली. या वेळी मुलीला, मंगलाला, खोकला होता. विमलाबाईंनी सगळे कागदावर लिहिले, यंत्रात भरले आणि तिला वाचून दाखवले. मुलीच्या बापाला कोणती गोळी बाधली होती, तेही लिहिले. पुतळाबाई शांतपणे ऐकत होती. मग म्हणाली,

"बाई, त्यो कशानं गेला, ते लिवलं का तुमी कुठं?"

कुठेही लिहिलेले नव्हते. मृत्यूच्या कागदावर नुसते क्षय म्हणून होते.

विमलाबाईंनी कोरा कागद घेतला. मंगळू भोये, वय तीस, या केंद्रात दिलेल्या गोळीने गेला. ती गोळी त्याला देऊ नये अशी नोंद होती, ती आमच्याकडून हरवली. एवढे लिहून त्या कागद घेऊन डॉक्टरांच्या खोलीत गेल्या. डॉक्टरांनी तो दोनदा वाचला. चष्मा काढून पुसला. मग सही केली आणि खाली तारीख घातली. विमलाबाईंनी त्याच्या तीन प्रती काढल्या, एक केंद्रात, एक स्वतःच्या घरी आणि एक पुतळाबाईकडे. पुतळाबाईला वाचता येत नव्हते. तिने सहीवरून एकदा बोट फिरवले, कागदाची बारीक घडी केली आणि ती चोळीत ठेवली.

मित्रांनो, ज्यावर कुणाचा जीव अवलंबून आहे ते एकाच जागी ठेवू नका. नक्कल केली असेल तर ती उघडून वाचून बघा. यंत्र कुरकुरू लागले की त्याचे त्याच दिवशी ऐका. आणि केवळ वेगवान आहे म्हणून माझ्यासारखीला निवडू नका. मी खरोखर वेगवान होते. मंगळू भोयेचे नाव विचारताच त्याच्यापुढची ओळ मी दोन सेकंदांत दाखवली असती. ज्या दिवशी विमलाबाईंना ती हवी होती, त्या दिवशी मी त्यांच्या पाठीमागे, याच खोलीत, मुकी पडले होते.