गाडी वळवायची जागा

"येऊ द्या... येऊ द्या... अजून येऊ द्या... बास!"

मावशींनी बसच्या पाठीवर थाप मारली आणि बस भिंतीपासून वीतभर अंतरावर थांबली. मावशींनी तळहाताची धूळ रोजच्यासारखी पदराला पुसली.

गाव संपते तिथे रस्ताही संपतो, आणि बस वळवायला जागा एकच, शिंपीकाम करणाऱ्या मास्तरांच्या दुकानासमोरची. मास्तर म्हणजे मावशींचे यजमान. बस गावात यावी म्हणून त्यांनी दुकानाची पडवी आपल्या हाताने पाडली होती. लोक म्हणाले, मास्तरांनी पायावर धोंडा मारून घेतला. मास्तर म्हणाले, गाडी आली की गिऱ्हाईक येईल. गाडी आली. गिऱ्हाईक मात्र त्याच गाडीत बसून शहरात तयार कपडे घ्यायला गेले, मग कामाला गेले, मग बिऱ्हाडासकट गेले. मावशींचा मुलगाही त्याच बसने गेला. त्या दिवशीही मागे उभ्या राहून "येऊ द्या" मावशीच म्हणाल्या होत्या.

आज कंडक्टर खाली उतरला, पण नेहमीसारखी थट्टा केली नाही.

"मावशी, एक तारखेपासून गाडी फाट्यावरूनच परत जाणार."

"का? रस्ता खचला की काय?"

"रस्त्याला काय धाड भरलीय? माणसंच नाहीत. तुम्ही दोघं, नाहीतर तो दूधवाला. डेपोवाले म्हणतात, रिकामे पत्रे किती दिवस फिरवायचे?"

"वा रे वा! माणसं नेली कुणी? तुमच्याच गाडीनं ना? आणि आता म्हणता, माणसं नाहीत!"

कंडक्टर उगाच बॅगेचा पट्टा नीट करत राहिला.

मावशींना बसची हौस नव्हती. मास्तरांना आठवड्यातून दोनदा डायलिसिसला न्यावे लागे. फाटा होता चांगला तासाभराच्या चालीवर, आणि मास्तरांना दारातून बसपर्यंत यायलासुद्धा मावशींचा खांदा लागे. मुलगा वर्षभर फोनवर "इकडेच या" म्हणत होता. मावशींचे उत्तर ठरलेले होते, "दारात गाडी येते आमच्या, कशाला हलवतोस?" आता ते म्हणायलाही तोंड उरले नाही.

महिना संपायच्या आत मुलगा टेंपो घेऊन आला.

"आई, शिलाई मशीन कशाला? दोन खोल्यांत ठेवायचं कुठं?"

"माझ्या डोक्यावर ठेव," मास्तर म्हणाले. मशीन चढले.

मास्तरांना पुढे बसवून, दाराचे कुलूप दोनदा ओढून बघून, मावशीही चढल्या. टेंपोवाला नवखा होता. मागे भिंत, बाजूला गटार. मुलगा खाली उभा राहून ओरडत होता, "डावीकडे! नाही, नाही, उजवीकडे!" मागचे चाक गटाराच्या काठाला लागले, तशा मावशी उतरल्या.

"तू हो बाजूला. चढ मागं."

त्या आपल्या रोजच्या जागेवर जाऊन उभ्या राहिल्या.

"येऊ द्या..."

टेंपो मागे येऊ लागला. खाट, मशीन, उपडी बादली, घडी केलेल्या गोधड्या, सगळा संसार हळूहळू त्यांच्या अंगावर येत होता. इथून जायचे नव्हते मावशींना, अजिबात जायचे नव्हते. पण गाडी अर्धवट वळलेली सोडून कसे चालेल? त्यांनी हाताने खूण केली.

"येऊ द्या... अजून येऊ द्या... बास!"

फळीवर थाप बसली. टेंपो थांबला, मग पुढे होऊन वळला आणि रस्त्याला लागायला तयार झाला. मावशी येऊन मास्तरांशेजारी बसल्या.

"भिंतीला लागला नाही ना?" मास्तरांनी विचारले.

"छे! वीतभर राहिला होता," मावशी म्हणाल्या, आणि तळहाताची धूळ आज त्यांनी पदराला पुसली नाही.