बडेसाबांचा साफ आवाजाचा भोंगा

मी एक जुना भोंगा आहे. तोंड मोठं, गळा पत्र्याचा आणि बोंबलणं हाच माझा धंदा. मित्रांनो, सोलापूरच्या बडेसाबांनी पंचवीस वर्षांपूर्वी मला आणून रिक्षाच्या टपावर बसवलं. मंद्रूपच्या बाजारात हरवलेली पोरं मीच आईबापांना भेटवली. लग्नं, जत्रा, पोलिओचे डोस, सगळीकडे मी. लोक म्हणायचे, "भोंगा असावा तर बडेसाबचा!" ऐकून मी फुगायचो, खोटं कशाला बोलू?

पण बडेसाबांना एक सवय होती. कार्यक्रम सुरू झाला की ते आवाजाच्या मशीनपाशी मान खाली घालून बसत. आवाज ऐकत, शब्द ऐकत नसत. "कोन काय बोलतंय ते आपलं न्हाय," ते म्हणत, "आवाज फाटला न्हाय पायजे, ते आपलं."

गेल्या वर्षी त्यांचे मांडववाले दोस्त धुळाप्पा आले. "बडेसाब, सीना नदीकाठच्या गावात सभा हाय. व्याख्यान हाय म्हणं. चल की." गाव ओळखीचं होतं. बडेसाबांची धाकटी बहीण अनिसा तिथंच दिलेली. तिच्या नवऱ्याचं, शाकीरचं, चौकात शिलाईचं दुकान होतं.

वक्ता शहरातून आला. सोबत एकसारखे दुपट्टे घातलेली टोळी. आधी इतिहास झाला, मग मुसलमानांना शिव्या, मग "ह्यांना गावात ठेवू नका." ओरडून ओरडून त्याचा आवाज फाटू लागला. मला वाटलं, आता तरी बडेसाब वर बघतील. अरे देवा! सवयीनं त्यांचा हात बटणावर गेला आणि माझा गळा मोकळा झाला. "आजच पेटवा" हे शेवटचं वाक्य पार चौकापर्यंत पोचलं.

तासाभरात सात दुकानं जळाली. शाकीर शिलाईची मशीन काढायला आत शिरला, तो बाहेर आलाच नाही.

बडेसाब मला टपावर घेऊन तसेच बहिणीच्या दारात गेले. अनिसा रडत नव्हती. "भाईजान," ती म्हणाली, "घरात बसून एकेक शब्द ऐकू आला. लई साफ आवाज होता तुमचा."

बडेसाब उंबऱ्यातच खाली बसले. त्यांनी पुन्हा आवाजाच्या मशीनला हात लावला नाही.

पोलिसांनी मला जप्त केलं. वक्ता जामिनावर सुटला आणि ठाण्याबाहेर सांगू लागला, "आम्ही नुसतं बोललो. कुणाला हात लावला का? बोलायचा हक्क हाय आमाला." उचलली जीभ, लावली टाळ्याला! बोलण्याच्या हक्कावर तर मी जन्मभर जगलो. मोर्चे गाजवले, मंत्र्यांना घातलेल्या शिव्या गावभर ऐकवल्या, कुणाचं घर जळालं नाही. पण पेटवा म्हणणारा हा पेटवणाऱ्यांतलाच, असं माझं ठाम मत आहे.

आता मी ठाण्याच्या मागच्या खोलीत गंजत पडलोय. मित्रांनो, मला पुसा, रंगवा, असं काही मागणं नाही. त्या दिवशी माझी वायर उपटायला एक हात पुरला असता. मैदानात हजारभर माणसं होती. बडेसाब होते, धुळाप्पा होते. कुणीच उठलं नाही. तुम्ही कधी अशा मैदानात बसलेले असाल, तर उठा.