पाचवा प्रश्न

मनातलं ऐकू येणाऱ्या सात मुलांची परीक्षा शाळा वेगळ्या खोलीत घ्यायची आणि पहाऱ्याला मुद्दाम कँटीनच्या भांडीवाल्या मावशींना उभं करायची. बाई अंगठेबहाद्दर, तिच्या डोक्यातून उत्तर फुटणार कुठून?

आज सहावा पेपर. सातांतल्या एका चष्मेवालीचं डोकं ठणकत होतं, त्यात मावशींच्या गुडघ्यांचं कण्हणंही तिला ऐकू येत होतं. पाचव्या गणितापाशी तिचं घोडं अडलं. तेवढ्यात फिरत आलेल्या मावशींची नजर तिच्या प्रश्नपत्रिकेवर पडली आणि त्यांच्या मनात ते गणित भराभर सुटलं. पाठोपाठ भीती आली: 'शिकलेली आहे हे कळलं, तर कामावरून काढतील.'

चष्मेवालीने मान वर केली. बाकीच्या सहा जणांनीही केली होती.

ती इतकी दमली होती, की उत्तर उतरवून मोकळं व्हावंसं वाटलं. पण सातही पेपरांत तीच रीत आणि तेच उत्तर आलं, तर मावशींवर शेकलं असतं. तिने पेन खाली ठेवलं.

घंटा झाली. पेपर गोळा करताना मावशी थबकल्या. सातही पेपरांत पाचवा प्रश्न कोरा होता.

"चला, पळा घरी," त्या तोंडाने म्हणाल्या.

मनात म्हणाल्या, 'गाढवांनो, दहा मार्क घालवलेत माझ्यापायी!'